मर्यादवेलीपर्यंत

फादर, पाचारण-रविवारी चार शब्द बोला म्हणालात.
वेदीपाशी उभं राहून मला नाही जमायचं.
इथे बसा, या पालथ्या होडीवर.
जाळं सुकेपर्यंत सांगतो.

एकोणीस वर्षांचा होतो, सेमिनरीत,
लॅटिनची वही अर्धी भरलेली,
आणि देवबागहून तार आली.
पापा खाडीच्या तोंडाशी बुडाले होते,
जिथे पोरंसुद्धा उभ्याने खेळतात.
मागे आई, चार बहिणी, रापणीतला एक हिस्सा.
रेक्टर म्हणाले, जा पास्कू, देवाची इच्छा.
किती सहज म्हणाले,
जसं कुणी म्हणावं, जाताना दार लोटून घे.

पुढची अकरा वर्षं
'आमच्या बापा' म्हणताना
त्या एका ओळीवर माझे ओठ मिटायचे.
शेजारच्या बाकावरून जुझे कुजबुजायचा,
'तुका हय दरवेळी ठेच कित्याक लागता रे?'
ठेच कसली. मी हिशेब मागत होतो.
अख्खा जीव दिला होता तुला,
धुऊन, घडी घालून.
तू तो तसाच परत केलास
आणि हातात ठेवलास काथ्याचा ओला दोर.
कुठला धनी असा व्यवहार करतो?

तुम्ही घाटावरचे, रापण बघितली नसेल.
होडी जाळं सोडत पाण्यात मोठा फेर मारते,
दोन टोकं किनाऱ्याला दोन जागी लागतात.
मग वीस जण इकडे, वीस जण तिकडे,
टाचा रोवून ओढायचं,
दर्याकडे तोंड करून
मागे, मागे चालत.
जिकडे जायचं तिकडेच पाठ, कळलं ना?
काय ते टाचेला समजतं,
ओली वाळू, कोरडी वाळू, शिंपला,
आणि पायाला मर्यादवेल लागली
की दोर सोडून द्यायचा,
धावत पाण्यापाशी जायचं,
पुन्हा धरायचा, पुन्हा मागे.
समोर जाळं, पण तेही पाण्याखाली.
लांब उंचवट्यावर तांडेल उभा.
तो टोपी हलवतो, आपण सरकायचं.
का, ते विचारायला छातीत दम नसतो.

एका नोव्हेंबरात, उन्हं वर यायच्या आत,
दोर असा जड लागला होता
की बायका टोपल्या घेऊन आधीच उतरल्या खाली.
आणि रघू तांडेल ओरडला,
'सैल सोडा! सैल सोडा म्हणतंय मां!'
आम्ही त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या.
पण सोडला.
दोर सळसळत पाण्यात गेला,
तळहाताची साल घेऊन.

त्या सैल दोरासकट उभा असताना
ती ओळ माझ्या तोंडून गेली.
मी म्हटली नाही, फादर.
गेली.
जशी खोकल्याची उबळ जाते.
मग बराच वेळ नुसता वारा.

रघूने का थांबवलं ते त्याने सांगितलं नाही.
खाली खडप होतं म्हणतात,
कुणी म्हणतं त्याला वेड लागलं होतं.
पुढच्या शिमग्याच्या आधी तो वारला.
मासळी त्या दिवशी बेताचीच, दोन टोपल्या पेडवे,
हिश्श्याला मूठभर.

तेव्हा उलगडा झाला असं पोरांना सांगू नका.
पापा उथळ पाण्यात का गेले,
मला अजून ठाऊक नाही,
आणि विचारणं मी सोडलेलंही नाही.
फक्त आता विचारताना दोर हातात असतो.

ती लॅटिनची वही आहे अजून.
अर्ध्या पानांवर शब्दांची रूपं,
उरलेल्या पानांवर माझ्याच अक्षरात
तारली, बांगडा, सौंदाळे, कुणाला किती,
विधवेचा हिस्सा आधी.
अक्षर कुठे बदललं, शोधून सापडत नाही.

चला, सुकलं. ते टोक धरा.
असं नाही.
माझ्याकडे तोंड करा,
आणि मागे चाला.